वनस्पतिपेशींचा नियोजित मृत्यू आणि प्रथिनछेदक विकर: एका आक्षेपाला उत्तर

वनस्पतिपेशींच्या नियोजित मृत्यूवरील, म्हणजे पेशीने आपल्याच जनुकांच्या आदेशावरून घडवलेल्या मृत्यूवरील, माझ्या लेखात मी म्हटले होते की, विषाणूच्या लागणीत व्हीपीई हा प्रथिने तोडणारा विकर (एन्झाइम) पेशीमृत्यू घडवून आणतो. त्यावर आपण आक्षेप मुद्देसूद मांडले आहेत, तेव्हा उत्तरही मुद्द्यांनाच धरून देतो. आपले म्हणणे असे की, प्राण्यांमध्ये पेशीमृत्यू घडवून आणणाऱ्या कॅस्पेज विकरांची जनुके वनस्पतींत नसल्यामुळे ‘कॅस्पेजसदृश’ क्रियेची चर्चा उसनी आहे. आणि प्रथिने तोडणारे विकर पेशी मेल्यानंतरची आवराआवर तेवढी करतात, मृत्यू घडवून आणत नाहीत.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती निर्विवाद आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. कॅस्पेज प्रथिनाची साखळी अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लानंतर तोडतात. त्यांचे वनस्पतींतील दूरचे नातलग, म्हणजे मेटाकॅस्पेज, ती आर्जिनिन किंवा लायसिननंतर तोडतात. म्हणून मेटाकॅस्पेजना कॅस्पेज मानणे चुकीचेच ठरेल. परंतु अ‍ॅस्पार्टेटनंतर छेद देण्याचे काम वनस्पतींत वेगळ्याच कुळांतील विकर करतात आणि रिक्तिकेतील, म्हणजे पेशीतील द्रवाने भरलेल्या मोठ्या पिशवीतील, व्हीपीई हा त्यांपैकी एक आहे. प्रतिकारक्षम तंबाखूच्या पानाला मोझॅक विषाणूची लागण झाली की त्या जागच्या पेशी मरतात आणि पानावर ठिपके पडतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात तंबाखूवर्गीय झाडांतील व्हीपीईची जनुके निष्प्रभ केली, तेव्हा रिक्तिका फुटली नाही आणि ठिपकेही पडले नाहीत. हा विकर केवळ मागाहून आवरणारा असता, तर त्याच्या अभावी मेलेली पेशी न विरघळता तशीच राहिली असती. येथे पेशी मेलीच नाही. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीमध्येही रोगप्रतिकाराच्या वेळी एक मेटाकॅस्पेज पेशीमृत्यूला चालना देतो आणि दुसरा त्याला आवर घालतो, असे 2010 मध्ये दिसून आले.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते जलवाहिन्यांपुरते. तेथे रिक्तिका फुटल्यावर पेशी मरते आणि मेटाकॅस्पेज-9 हा विकर त्यानंतर आतला अवशेष साफ करण्यास हातभार लावतो. तो कमी केला तर सफाई रेंगाळते, मृत्यू टळत नाही.

एरंडीच्या बियांत मात्र ही सीमारेषा इतकी स्वच्छ नाही. बी रुजताना भ्रूणपोषातील (बीमधील अन्न साठवणाऱ्या ऊतीतील) साठा बीजपत्रे शोषून घेतात, आणि शेवटी त्यांना चिकटलेला एक मऊ, पातळ पापुद्रा उरतो. या भ्रूणपोषाच्या पेशी जिवंत असतानाच रिसिनोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत एक प्रथिनछेदक विकर निष्क्रिय रूपात साठवून ठेवतात. रिक्तिका ढासळून पेशीद्रव आम्लधर्मी झाला की विकराचा अडवणारा भाग गळून पडतो आणि तो पेशीभित्तिकेतील प्रथिनेसुद्धा तोडू लागतो. काम मृत्यूच्या टोकाचे असले तरी त्याची तयारी जिवंत पेशीने, आपल्याच जनुकांच्या आदेशावरून, आधी केलेली असते. ज्याची तरतूद मरणापूर्वीच झालेली आहे, त्याला नियोजनाबाहेर कसे ठेवता येईल?

तेव्हा एखाद्या विकराची भूमिका ठरवताना तो कॅस्पेजसारखा दिसतो का, यापेक्षा तो रिक्तिका फुटण्याआधी कार्यरत होतो की नंतर आणि तो काढून घेतल्यास पेशी जगते का, हे पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. याच कसोटीवर, विषाणूच्या लागणीत व्हीपीई पेशीमृत्यू घडवून आणतो, हे लेखातील विधान मी कायम ठेवत आहे.