फ्रेटबोर्डला खोबरेल चोळायच्या आधी हे वाचा

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या इथल्या गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर तर तीनदा आला. म्हणे गिटारचं लाकूड तहानलेलं असतं म्हणून फ्रेटबोर्डला, म्हणजे तारांखालच्या बोटं टेकवायच्या लाकडी पट्टीला, दर आठवड्याला घरचं खोबरेल चोळा, दुकानातलं लेमन ऑइल घेऊ नका कारण त्यातलं लिंबाचं ऍसिड लाकूड खातं, आणि तेल मुरलं की पावसाळ्यात नेक (गिटारची लांब मान) वाकत नाही. मी रत्नागिरीत बरीच वर्षं गिटार वाजवतोय, पोरांच्या गिटारी सेटअप करून देतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, ते तहानेचं. वाळलेलं लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, तो सगळा पाण्याचा खेळ आहे आणि तेल म्हणजे पाणी नव्हे. तेल वरच्या वर छिद्रांत बसतं, रंग गडद करतं, घामाचा मळ चिकटू देत नाही, इतकंच. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत ती ९० च्या आसपास असते, म्हणजे पावसाळ्यात आपला फ्रेटबोर्ड सुकलेला नसतोच, फुगलेला असतो. अकूस्टिक (पोकळ पोटाची, विजेशिवाय वाजणारी) असेल तर पोट पण फुगतं, तारा वर उचलल्या जातात, बार कॉर्ड (एकच बोट आडवं ठेवून तारा दाबायची पकड) धरताना बोटं दुखायला लागतात. त्याला उपाय म्हणजे गिटार केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, गरज असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई, जरासा फिरवून घ्या. तेलाने नेक सरळ होत नाही. उलट हीच गिटार मुंबईला दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत गेली की लाकूड आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं हाताला टोचायला लागतात, तिथेसुद्धा खरा इलाज आर्द्रतेचाच.

आता खोबरेल. आपल्या घरात ते केसांना, देवाजवळच्या दिव्याला, लोखंडी विळीला, सगळ्याला चालतं म्हणून गिटारलाही चालेल असं वाटणं साहजिक आहे. माझा काका पण म्हणाला, "लाव रे, काय होवचा नाय". माझ्या भाच्याने जून ते ऑगस्ट दर रविवारी लावलं. डिसेंबरात गिटार माझ्याकडे आणली तेव्हा फ्रेटच्या दोन्ही कडांना पांढरट थर, नखाने खरवडला तर मेणासारखा निघत होता, आणि बोर्ड नाकाजवळ नेला तर वाटीत राहिलेल्या जुन्या खोबऱ्याचा खवट वास. खोबरेल २४ अंशाच्या खाली थिजायला लागतं, थंडीच्या सकाळी बाटलीत बघतोच की आपण, तेच लाकडाच्या छिद्रांत होतं. इतर खाद्यतेलांपेक्षा ते उशिरा खवट होतं हे खरंय, पण घाण्यावरच्या तेलात खोबऱ्याचा अंश आणि ओल राहते, त्यात दमट हवा आणि बोटांचा घाम. शेंगदाणा, ऑलिव्ह वगैरेचं तर बोलूच नका.

लेमन ऑइलचा मुद्दा तर पार चुकीचा आहे. सायट्रिक ऍसिड असतं लिंबाच्या रसात. लेमन ऑइल येतं सालीतून, त्यात मुख्य घटक लिमोनिन, ते ऍसिड नाही तर मळ सोडवणारं द्रावक आहे. आणि फ्रेटबोर्डसाठी विकतात त्या बहुतेक बाटल्यांत मिनरल ऑइलच जास्त आणि लिंबाचा वास नावापुरता. मिनरल ऑइल खवट होत नाही, थिजत नाही, चिकट थर धरत नाही. महागडी बाटली परवडत नसेल तर मेडिकलमधलं साधं लिक्विड पॅराफिन चालतं, फक्त पाण्यासारखं पारदर्शक बघून घ्या, दुधाळ औषध नको.

मेसेजखाली कुणी जवसाचं तेल सुचवलंय. ते हवेने कडक होतं, परत परत लावलं तर वर पापुद्रा धरतं, शिवाय त्यात भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. दुसऱ्या एकाने काजूच्या टरफलाचं तेल सुचवलंय, वाशांना वाळवी लागू नये म्हणून लावतात ते! ओल्या काजूचा चीक लागून ज्याच्या हाताची सालं निघालीत त्याला मी काय वेगळं सांगू, कृपा करून बोटं टेकवायच्या जागी हे लावू नका.

आणि आधी लाकूड कुठलं ते तरी बघा. शिसवी, एबनी (आबनूस) असेल तर तेल ठीक. मेपलच्या (फिकट रंगाचं लाकूड) बोर्डवर बहुतेक वेळा लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर, असतो, तिथे तेल आत जातच नाही, ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. स्वस्त गिटारीत फिक्या लाकडाला काळा रंग देतात, तिथे तेल लावलं की फडकं काळं होतं, तसं झालं तर लगेच थांबा.

मी स्वतः पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, तारा बदलताना लावतो. जुन्या टूथब्रशने फ्रेटच्या कडेचा मळ काढायचा, अख्ख्या बोर्डला पाच-सहा थेंब, ते पण फडक्यावर घेऊन, पाच मिनिटं थांबायचं आणि बोट फिरवल्यावर तेल लागणार नाही इतकं कोरडं पुसायचं, मगच नव्या तारा. बोर्ड गडद आणि गुळगुळीत दिसत असेल तर त्या वर्षी नाही लावलं तरी चालतं. भाच्याच्या गिटारीला तीन फडकी लागली, कडेचा थर आईस्क्रीमच्या काडीने काढला, वास जायला मात्र फेब्रुवारी उजाडला.