दोन तासांत किट? चिमटा मोजलात का?

तुमच्या लेखात म्हटलंय की घडीच्या सायकलला मोटरचं किट घरच्या घरी दोन तासांत बसतं. माझे दोन रविवार गेले! कारण साधं आहे. किटची मोटर हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात असते. नेहमीच्या सायकलच्या पुढच्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये, १०० मिलिमीटरचा हब बसतो, पण बऱ्याच घडीच्या सायकलींत तिथे जेमतेम ७४ मिलिमीटर जागा असते. मी न मोजताच किट मागवलं आणि परत पाठवलं. चिमटा ताणून हब कोंबायच्या भानगडीत पडू नका, विशेषतः ॲल्युमिनियमचा असेल तर. आणि टॉर्क आर्म, म्हणजे चाकाचा आस (ॲक्सल) फिरू न देणारी पट्टी, लावाच, नाहीतर मोटरच्या जोराने ॲक्सल चिमट्याच्या खाचेत फिरतो आणि वायर पिळून तुटते.

मग मोजून दुसरं किट बसवलं, आता सायकल मस्त चालते. २५० वॅटची मोटर, ३६ व्होल्ट १० ॲम्पिअर-अवरची बॅटरी. कांजूरमार्ग स्टेशनवरून पवईचा चढ घामाघूम न होता चढतो, ऑफिसात शर्ट कोरडा. मोटर २५० वॅटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की नोंदणीची कटकट नाही, हे लेखात यायला हवं होतं.

पण वजनाचं काय? १२ किलोची सायकल १७ वर गेली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला. बॅटरी काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकतो तेव्हा कुठे जमतं.

पावसाळ्यात कंट्रोलरकडे (मोटरला वीज पुरवणाऱ्या डबीकडे) जाणाऱ्या वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. ही अक्कल मला जुलैत भर रस्त्यात सायकल बंद पडल्यावर आली.