हो, पण अर्ध्या सेकंदाने

ताईने विचारलं, "काय रे, ते उपग्रहाचं इंटरनेट घेतलंस म्हणे. परवडतं का?"

मी म्हटलं, "हो."

माझा 'हो' वर गेला, उपग्रहाला शिवला, खाली उतरला आणि ताईच्या घरी पोचला. तेवढ्यात तिचा पुढचा प्रश्न सुटलेला होता, "वहिनीशी पुन्हा भांडलास का?" माझा 'हो' नेमका त्या प्रश्नाला जाऊन चिकटला. मी घाईघाईने म्हटलं, "नाही, नाही, ते आधीचं!" यातले दोन्ही 'नाही' "अण्णांची औषधं वेळेवर देतोस ना?" या प्रश्नाच्या वाट्याला आले. मग ती गप्प बसली म्हणून मी बोलायला लागलो, मी बोलतोय म्हणून ती थांबली, ती थांबली म्हणून मीही थांबलो. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं करतात तसं, 'तू बोल', 'नाही, तू बोल'. त्या अर्ध्या तासात आमच्यात जेवढं सौजन्य झालं तेवढं लहानपणीच्या सबंध अठरा वर्षांत झालं नव्हतं.

ताईकडे फायबर आहे. ज्याच्या घरात नळ आहे त्याने विहिरीवरून कळशी आणणाऱ्याला "परवडतं का?" असं विचारू नये. पण विचारतात. म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आमचं घर रस्ता संपतो तिथे आहे. फायबरची वायर दोन वळणं अलीकडे येऊन थांबली आहे. "सर्व्हे झालाय" हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की मूल पहिल्यांदा बोलायला लागलं तेव्हा तेही हेच म्हणेल अशी मला धास्ती होती. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट होतं, पण तांब्याच्या तारेला अंतराची धाप लागते. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर चालून आल्यावर सिग्नलमध्ये जो काही जीव उरतो त्यात ईमेल येते, पण तिच्यासोबतचा फोटो दारातच कोसळतो. मोबाइलचं नेटवर्क फक्त न्हाणीघराच्या खिडकीत. ऑफिसच्या मीटिंगला मी तिथून बसायचो. "तुमच्याकडे आवाज फार घुमतो हो," असं साहेब म्हणाले, त्या दिवशी मी आभाळाकडे बघायचं ठरवलं.

उपग्रहाची पहिली तबकडी (डिश) जुन्या पद्धतीची होती. ही ज्या उपग्रहाकडे बघते तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. नेमका तिथेच का, तर त्या उंचीवर एक फेरी पुरी व्हायला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ लागतो, त्यामुळे खालून बघणाऱ्याला उपग्रह खिळ्याला टांगल्यासारखा एका जागी दिसतो. असे तीन उपग्रह टांगले की जवळजवळ सगळी पृथ्वी आवाक्यात येते, हे विज्ञानकथा लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ सालीच एका लेखात मांडलं होतं. माणूस थोर. पण त्यांना त्या वेळी ताईला व्हिडिओ कॉल करायचा नव्हता.

कारण प्रकाशाचीही काही मर्यादा आहे. सेकंदाला तीन लाख किलोमीटर हा वेग ऐकायला बरा वाटतो, पण वर जाऊन खाली यायचं म्हणजे एकाहत्तर हजार किलोमीटरच्या वर मजल. त्यात पाव सेकंद गेला. उत्तर त्याच वाटेने परत यायचं, आणखी पाव सेकंद. शिवाय यंत्रांचा आपसातला खल असतोच, त्यामुळे प्रत्यक्षात सहाशे मिलिसेकंद (सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सहाशे) किंवा त्याहून जास्त. आणि यावर इलाज नाही. तक्रार केली तर कंपनीचा माणूस काय करणार, आइन्स्टाइनकडे पाठवणार?

गंमत म्हणजे वेग वाईट नव्हता. एकदा सिनेमा सुरू झाला की शेवटपर्यंत सुरळीत चालायचा. घोडं अडायचं ते सुरू होताना. वेबपानं उघडताना दोन्ही बाजूंची यंत्रं आधी एकमेकांची दहा-वीसदा विचारपूस करतात, आणि इथे प्रत्येक विचारपूस अंतराळात जाऊन यायची. मुलाच्या ऑनलाइन लढाईच्या खेळाचं तर विचारूच नका. एके दिवशी तो शांतपणे बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, मी मेलो. पण मला ते नंतर कळलं." अण्णांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि म्हणाले, "बहुतेकांचं तसंच होतं."

तशात पाऊस. उपग्रहाच्या रेडिओ लहरींची लांबी एक ते अडीच सेंटिमीटर असते, त्यामुळे पावसाचे टपोरे थेंब त्यांना वाटेतच शोषतात आणि विखरून टाकतात. भुरभुर चालते. पण काळा ढग तबकडीच्या रोखाने आला की आम्ही घरातली सगळी महत्त्वाची कामं उरकायला धावायचो, वाळत घातलेले कपडे काढायला धावावं तसे. आणि वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. तबकडीला त्याच्या गोंगाटात उपग्रहाचं बोलणं ऐकू येत नाही. हे रोज काही मिनिटं, असं काही दिवस चालतं. मी साहेबांना खरं तेच कळवलं : "सर, सूर्य मध्ये आल्यामुळे मीटिंगला हजर राहू शकलो नाही." त्यांनी उलट विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

वर्षभराने आम्ही नवी तबकडी घेतली, खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची. हे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून जातात, म्हणजे वर-खाली करायला चार मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. बाकीचा जमिनीवरचा प्रवास धरला तरी काम बहुतेक वेळा पंचवीस ते पन्नासात भागतं. पण इतक्या खाली राहायचं तर पळत राहावं लागतं. तासाला सत्तावीस हजार किलोमीटर, पृथ्वीची प्रदक्षिणा दीड तासाच्या थोडी वर. आपल्या डोक्यावरून एक उपग्रह काही मिनिटांत निघून जातो आणि जाता जाता आपल्याला पुढच्याच्या हवाली करतो. म्हणून हे काम तिघांवर भागत नाही, हजारो लागतात. त्यांचं आयुष्य पाचेक वर्षांचं, मग वातावरणात आणून जाळून टाकायचे. सूर्याची लहर फिरली तर तेवढंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास चुंबकीय वादळात सापडून खाली आले. त्या वादळाने वरची हवा तापून फुगली आणि नुकतेच सोडलेले उपग्रह त्या हवेच्या ओढीतून वर चढूच शकले नाहीत. हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आधीचं लांब होतं म्हणून वाईट, आणि हे जवळ आहे म्हणून पडतं. बरं."

तबकडी मात्र देखणी. जागची हलत नाही, पण तिच्या पोटात शेकडो बारीक अँटेना दाटीवाटीने बसवलेल्या असतात. त्यांच्या लहरी एकमेकींपेक्षा किंचित पुढेमागे सोडून ती आपला झोत आकाशात हवा तिकडे वळवते. नुसत्या डोळ्यांनी अख्ख्या वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या बाई असतात, तशी. त्या बदल्यात ती वीज खाते. पन्नास ते पंचाहत्तर वॅट, दिवसरात्र, म्हणजे महिन्याला चाळीस-पन्नास युनिट कुठे गेले नाहीत. वीज गेली की उपग्रह आहे तिथेच असतो, आपण नसतो.

पण खरा घात केला तो झाडाने.

जुनी तबकडी एकाच बिंदूकडे टक लावून बसायची, आणि तेवढी एक फट फांद्यांमध्ये होती. नवीला सगळं आकाश मोकळं लागतं. मोबाइलवर कंपनीचं अॅप असतं. कॅमेरा वर करून स्वतःभोवती फिरायचं, की आकाशाचा नकाशा तयार होतो आणि अडथळा असेल तिथे लाल ठिपके उमटतात. तबकडी घ्यायच्या आधी हे करायचं असतं. मी नंतर केलं. अंगणात मान वर करून गोल गोल फिरणाऱ्या मला बघून पलीकडच्या काकू लगबगीने आत गेल्या. नकाशा आला, त्याची एक बाजू लालभडक. अण्णांचं झाड. म्हणजे दर थोड्या वेळाने एखादा उपग्रह त्या झाडामागे जायचा आणि इकडे मीटिंगमध्ये माझं तोंड पाच-सहा सेकंद उघडंच राहायचं.

अण्णांनी ते झाड मी जन्मलो त्या वर्षी लावलेलं. त्यांच्या मते दोघांपैकी ते जास्त नीट वाढलं. मी विषय काढला. म्हटलं, एकच फांदी आहे. ते म्हणाले, "झाड आधी आलंय की तुझा उपग्रह?" यावर तांत्रिक उत्तर नसतं. तबकडी छपरावर नेली, मग छपराच्या टोकाला, मग टोकाला खांब लावून त्यावर. लाल डाग आकसला, गेला नाही. शेवटी एका दुपारी अण्णा झोपलेले असताना जे व्हायचं ते झालं. त्या रात्री नशिबाने वारा सुटला. सकाळी अण्णांनी फांदी पाहिली, कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वारा हल्ली करवत घेऊन येतो वाटतं." एवढंच.

तर ताई, परवडतं का? दोन वळणं अलीकडे राहणाऱ्याला नाही. ज्याच्या दाराशी फायबर आलंय त्याने वर बघूच नये, बघायचंच तर चांदण्या बघाव्यात, त्या फुकट आहेत. ज्याला छपरावर चांगली अँटेना लावून मोबाइलचं नेटवर्क बऱ्यापैकी पकडता येतं, त्यानेही आधी तेच करावं, खर्चाने स्वस्त पडतं. संध्याकाळी आसपासचे सगळे एकदम बसले की आमचाही वेग ढेपाळतो, कारण आकाश मोठं असलं तरी एका भागाच्या वाट्याला येणारी क्षमता ठरलेली. फाइल खाली येते धावत, वर जाते रांगत. पण न्हाणीघराच्या खिडकीतून उठून आलेल्या माणसाला हे सगळे तपशील आहेत. मी आता खोलीत बसून मीटिंग करतो. आवाज घुमत नाही. साहेबांना त्याचं जरा वाईटच वाटलं.

हे सगळं मी परवा ताईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, प्रश्नाला लागून उत्तर. ती सगळं ऐकून घेत होती. मग अचानक म्हणाली, "ते राहू दे. अण्णांच्या झाडाची फांदी तू तोडलीस का?"

पूर्वी अशा प्रश्नाला निदान अर्धा सेकंद मिळायचा. मी तोंड अर्धवट उघडं ठेवून, पापणी न हलवता, श्वास रोखून बसलो. चित्र अडकल्यावर माणूस जसा दिसतो तसा. मला त्याचा दांडगा अनुभव आहे.

"हॅलो? अरे, गेलं वाटतं तुझं नेट," ताई म्हणाली.

मी हललो नाही. तेवढ्यात माझ्या पाठीमागून अण्णा चालत आले, थांबले, खुर्चीमागून वाकून कॅमेऱ्यात बघितलं आणि ताईला हात हलवला.