मुंबईची दुसरी धावपट्टी कुणी अडवून ठेवलेली नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक दावा फिरतोय: मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, त्यातली एक नुसती पडून असते. दोन्ही एकदम चालू केल्या तर रोजची हजार विमानं दोन हजारांवर जातील आणि आकाशात घिरट्या घालत बसणं थांबेल.

दोन धावपट्ट्या आहेत, एवढंच यातलं खरं.

०९/२७ ही मुख्य आणि १४/३२ ही दुसरी (दोन आकडे म्हणजे त्याच धावपट्टीच्या दोन दिशा), या दोन्ही एकमेकींना छेदतात. घाटकोपरकडून येणारं विमान मुख्य धावपट्टीच्या २७ या दिशेने टेकलं, की ते छेद ओलांडेपर्यंत किंवा आधीच बाजूला वळेपर्यंत दुसऱ्या धावपट्टीवरच्या विमानाला सुटताच येत नाही. चौकात दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा दिवा देता येत नाही, तसंच हे. दिल्लीच्या चार धावपट्ट्यांचं उदाहरण हमखास दिलं जातं, पण त्या एकमेकींना छेदत नाहीत.

'पडून असते' हेही चूक. १ जुलै २०१९ च्या रात्री भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरत गेलं. ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली, तेव्हा मुंबईची वाहतूक या दुसरीनेच तोलली. अर्थात बरीच उड्डाणं रद्द झाली, कारण ती लांबीला कमी आहे आणि तिच्यावर ३२ या दिशेने उतरण्याच्या वाटेवर ट्रॉम्बेचे डोंगर आहेत.

मग काही जण म्हणतात, 'दोन विमानांमधलं अंतर तरी कमी करा.' हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. गर्दीच्या वेळची जुनी मर्यादा घ्या: तासाला ४६ विमानं म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम ७८ सेकंद. अशा दोन वाट्यांत उतरलेलं विमान वेग कमी करून टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीबाहेरच्या रस्त्यावर वळतं, थांबलेलं धावपट्टीवर येऊन उडतं, आणि तोवर पुढचं उतरण्याच्या बेतात असतं. पुढे मोठं, जड विमान असेल तर त्याच्या पंखांमागचे हवेचे भोवरे विरेपर्यंत मागच्याला जास्त अंतर ठेवावंच लागतं. ८ जून २०२४ ला इथे एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागून दुसरं त्याच धावपट्टीवर उतरलं. सुदैवाने अपघात झाला नाही. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच सरकारने गर्दीच्या वेळची मर्यादा ४६ वरून ४४ वर आणली होती. ती कमी केली हे योग्यच झालं.

लंडनचं गॅटविक एका वेळी एकाच धावपट्टीवर चालतं आणि तासाला ५५ पर्यंत जातं, हे मान्य. पण दुप्पट तिथेही होत नाही. मुंबईने तर ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ उड्डाणं-उतरणी हाताळली, म्हणजे सरासरी ८४ सेकंदांना एक. एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसांना आळशी ठरवणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

वाढ करायचीच तर ती नवी मुंबईत होईल. डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली आहेत आणि आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. त्यातली दुसरी लवकर बांधा, अशी मागणी करा. त्या मागणीवर मीही सही करेन.