गोकर्णात आधी समुद्र, मग देव

काका, नमस्कार.

गोकर्णावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "अर्धा लेख समुद्र आणि पोरांच्या वाळूतल्या खेळाचा. क्षेत्राची सहल केलीत. आधी देव, मग वेळ उरला तर किनारा, एवढी रीत बेळगावच्या माणसाला ठाऊक हवी." हा राग क्षेत्रावरच्या मायेतून आलाय हे कळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

गोकर्णाची रीतच समुद्रापासून सुरू होते. यात्रेकरू आधी समुद्रात स्नान करतात, मग महागणपतीचं दर्शन घेतात आणि त्यानंतर महाबळेश्वराच्या, म्हणजे इथल्या शंकराच्या, गाभाऱ्यात जातात. देवळातून बाहेर पडून पश्चिमेला थोडं चाललं की पायाखाली वाळूच येते. तिथे क्षेत्र संपून किनारा सुरू झाला, अशी रेघ मला तरी ओढता येत नाही.

आणि कथा आठवा ना. दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्याकडे घरोघरी गुरुचरित्र वाचतात, त्याच्या सहाव्या अध्यायात ती आहे. रावण शंकराकडून मिळवलेलं आत्मलिंग घेऊन लंकेला निघालाय. वाटेत ते भुईवर ठेवायचं नाही, ही अट. विष्णूने सुदर्शनाने सूर्य झाकला, रावणाला वाटलं सांज झाली, संध्येची वेळ टळेल. म्हणून बटूच्या रूपात आलेल्या गणपतीच्या हाती लिंग देऊन तो संध्येला गेला. गणपतीने तीन हाका मारल्या, रावण येईना, तेव्हा लिंग खाली ठेवलं. मग रावणाने सगळं बळ लावून ते उपटायला पाहिलं, पिळलं, त्याला गाईच्या कानाचा आकार आला, पण ते जागचं हललं नाही. म्हणून क्षेत्र गोकर्ण आणि देव महाबळेश्वर. रागाने रावणाने बटूच्या डोक्यावर मारलं, ती खोच महागणपतीच्या मूर्तीच्या माथ्यावर आजही दाखवतात.

या कथेतून सांजवेळ आणि समुद्रकाठ काढून टाकला तर उरतं काय? माझ्या मुलांनी ती घरात बसून अनेकदा ऐकली होती. पण मावळतीला किनाऱ्यावर उभी असताना धाकटीने विचारलं, "सूर्य खरंच झाकला असता तर आपल्यालाही रात्रच वाटली असती ना?" हा प्रश्न तिला गाभाऱ्यासमोरच्या रांगेत सुचला नसता. म्हणून लेखात वाळूला एवढी जागा दिली, आणि ती मला आजही योग्यच वाटते.

कथा पुढेही किनाऱ्यानेच जाते. संतापलेल्या रावणाने लिंगाची पेटी, झाकण, दोरी आणि वस्त्र भिरकावलं. ती पडली तिथे सज्जेश्वर, गुणवंतेश्वर, धारेश्वर आणि मुरुडेश्वर. मुरुडेश्वरला आता १२३ फुटी शंकर आणि वीस मजली गोपूर आहे. लोक फोटो काढून परततात आणि मधली धारेश्वर-गुणवंते राहूनच जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या भागातली कित्येक घरं गोकर्णाला जातात ती पितृकार्यासाठी. जड मनाने जायचं, विधी उरकायचा, संध्याकाळी परतीच्या गाडीत बसायचं. मीही लहानपणी तसंच गोकर्ण पाहिलं. माझ्या मुलांना ते मरणाशी जोडलेलं गाव म्हणून माहीत व्हावं, असं मला वाटत नव्हतं. दत्तावतार श्रीपाद श्रीवल्लभ तीन वर्षं राहिले ते ठिकाण, मुलांना पुन्हा यावंसं वाटेल असं भेटलं पाहिजे.

एका गोष्टीत मी तुमच्याच बाजूची आहे. कुडले आणि ओम किनाऱ्यांवर बाटल्या आणि प्लास्टिक टाकणाऱ्यांचं समर्थन कुणी करू नये. ॐच्या आकाराची वाळू आहे म्हणून तिथे यायचं आणि तीच घाण करायची, हे पाहवत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की वहिनींचे गुडघे दुखतात, त्यांना जमेल का. ओम किनाऱ्याला पायऱ्या उतराव्या लागतात, तो सोडा. देवळाजवळचा गोकर्ण किनारा सपाट आहे, तिथे त्या आरामात बसतील. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरू नका, डिसेंबर-जानेवारी उत्तम. हुबळी-यल्लापूर-अंकोला रस्त्याने पहाटे निघालात तरी दुपारी देऊळ बंद असतं, हे धरून वेळ आखा. पुरुषांना गाभाऱ्यात शर्ट काढून जावं लागतं, म्हणून तुमचं धोतर आठवणीने बरोबर घ्या.