जॅझमध्ये बायका फक्त गायल्या?

जॅझच्या थोर कलावंतांची यादी फिरू लागली की तिच्याखाली एक दावा हमखास येतो: वाजवलं, रचलं ते पुरुषांनी, बायका नुसत्या गायल्या आणि नाचात जोडीला उभ्या राहिल्या. हे साफ चूक आहे.

आधी वाजवण्याचं. किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ ची ध्वनिमुद्रणं ऐका. पियानोवर लिल हार्डिन आहे. लुई आर्मस्ट्राँग तेव्हा त्याच बँडमध्ये ऑलिव्हरच्या मागे दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवायचा. १९२४ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि त्यानं ऑलिव्हरची सावली सोडावी म्हणून लिलनंच लकडा लावला. पुढे लुईच्या 'हॉट फाइव्ह' या बँडनं जॅझमधल्या एकल वादनाला वेगळीच उंची दिली, त्यातही पियानो तिचाच. वादक स्त्रिया कमी दिसतात हे खरं, पण पुरुषांचे बँड त्यांना सहसा घेतच नसत. म्हणून तर 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम'सारखे फक्त स्त्रियांचे बँड उभे राहिले.

रचनेचं म्हणाल, तर पियानोवादक आणि रचनाकार मेरी लू विल्यम्सला वगळून बोलणं मला अन्यायाचं वाटतं. अँडी कर्कच्या बँडचा बाज तिच्या अरेंजमेंट्सनी (कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं याच्या मांडणीनं) घडवला. १९४५ मध्ये तिनं बारा राशींवर 'झोडिअॅक सूट' रचला. त्याच दशकात थेलोनिअस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या तिच्या घरी जमायचे, नव्या चाली तिला ऐकवायचे. बीबॉप या तेव्हाच्या नव्या जॅझशैलीचे हे शिल्पकार तिचा शब्द मानत.

आणि 'नुसतं गाणं' म्हणजे काय? बिली हॉलिडे ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत शब्द टाकते आणि तरीही लय सुटू देत नाही. तिच्याकडून वादकही शिकले. सॅरा वॉन तर अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गायिका होती तशीच दुसरी पियानोवादकही होती.

राहिला नाच. हार्लेमच्या सव्हॉय बॉलरूममध्ये १९३५ च्या सुमारास नर्तक फ्रँकी मॅनिंगनं लिंडी हॉप या जॅझवरच्या जोडीनाचात हवेतली उडी आणली, असं सांगतात. पण पाठीला पाठ लावून त्याच्यावरून कोलांटी घेत, ठेका न चुकवता समोर उतरली ती फ्रीडा वॉशिंग्टन. दोघांनी मिळून सराव करून बसवलेली ती उडी एकट्याच्या खात्यावर कशी मांडायची? याच सव्हॉयमध्ये किशोरवयात नाचू लागलेल्या नॉर्मा मिलरनं पुढे स्वतःचा नृत्यसंच चालवला आणि म्हातारपणीही जगभरच्या नव्या नर्तकांना लिंडी हॉप शिकवला. २०१९ मध्ये, ९९ व्या वर्षी ती गेली. मॅनिंगचं नाव यादीत असेल, तर या दोघींचीही हवीत.