‘पण’ची वही

नमस्कार. जादूच्या विधींना आत्मसंयमाचा सराव म्हणणाऱ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्या अलिस्टर क्रौली या इंग्रज गूढविद्यावाल्याला हेरॉइन सुटलं नाही, त्याच्या विधींना आत्मसंयम म्हणणं ही फसवणूक आहे, असा तुमचा मुद्दा. वर ‘जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात राहून हे लिहिता?’ हेही विचारलंत.

क्रौलीबद्दल तुमचं बरोबर आहे. दम्यावर औषध म्हणून मिळालेलं हेरॉइन त्याला पुरतं कधीच सुटलं नाही. मागच्या लेखात हे गाळलं, चुकलंच. त्याचा एकेकाळचा सचिव इस्रायल रेगार्डी पुढे सांगत राहिला की विधीला हात घालण्याआधी मानसोपचार घ्या. त्यानं बहुधा जवळून पाहिलं असावं.

कायद्याचं मात्र पटत नाही. 2013 चा कायदा लोकांना नागवणाऱ्या, छळणाऱ्या भोंदूंसाठी आहे. स्वतःच्या खोलीत चारी दिशांना वळून हवेत पंचकोनी तारा काढणाऱ्यानं कुणाचं काय बिघडतं? (बायकोला विचारू नका. पहाटे पाणी येतं तेव्हा नेमका मधे उभा असतो.) हा विधी 1888 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या संघटनेचा. ‘इति दिग्बन्धः’, म्हणजे दिशा बांधल्या, हे कानावरून गेलेल्या माणसाला तो फार परका वाटू नये.

‘यात संयम कुठे?’ याचं उत्तर त्या ताऱ्यात नाही, वहीत आहे. क्रौलीचा एक अभ्यास असा: ठरावीक दिवस एखादा शब्द, समजा ‘मी’, तोंडातून काढायचा नाही. चुकलं की हातावर वस्तऱ्यानं चरा, आणि नोंद. वस्तरा बाद केला, मनगटाला रबर बँड लावला. तरी घोळ झाला. इंग्रजीत ‘मी’ टाळणं महाकठीण; मराठीत ‘येतो’, ‘जेवलो’, ‘सांगतो’ म्हटलं की काम भागतं. क्रियापदच ‘मी’ पोटात घेऊन बसलेलं. दोन दिवस व्रत निर्दोष, अहंकार जागच्या जागी!

मग शब्द बदलला: ‘पण’. पहिल्याच दिवशी 41 नोंदी. निम्म्या ऑफिसातल्या, उरलेल्या बहुतेक आईचं वाक्य पुरं व्हायच्या आतल्या. आठव्या दिवशी विरार लोकलमध्ये एकानं सॅक पुढे घ्यायला सांगितलं. शब्द जिभेवर आला, थांबला. सॅक पुढे घेतली. इतकंच.

जादूची क्रौलीची व्याख्या आहे, इच्छेनुसार बदल घडवण्याचं शास्त्र आणि कला. दोन आठवड्यांत आकडा 9 वर आला होता. मग गणपतीत पाहुणे आले, आणि विसर्जनाच्या रात्री वहीत 33 लिहिले.